जुन्या घराचे वायरिंग बदलण्याचा खर्च: ६५ हजार खरे की १ लाख ९० हजार?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातील स्वातंत्र्यपूर्व काळातील एका पगडीच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आपले सुमारे ५२० चौरस फुटांचे घर आहे. त्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर व संडास आणि पुढची गॅलरी आहे. वायरिंग सासऱ्यांच्या काळातले, लाकडी पट्टीतले आहे. आता दोन एसी, गीझर आणि वॉशिंग मशीन बसवायचे आहे. एका वायरमनने ‘पूर्ण घराचे वायरिंग, मालासह’ असे एका ओळीत लिहून ६५ हजार रुपये सांगितले आहेत, तर एका कंत्राटदाराने दोन पानी अंदाजपत्रक देऊन १ लाख ९० हजार सांगितले आहेत. यांपैकी खरे कोण, आणि घर रिकामे न करता किंवा दोन टप्प्यांत हे काम होईल का, असे आपण विचारले आहे.

दक्षिण मुंबईतील जुन्या घरांची वायरिंगची कामे मी गेली बरीच वर्षे करतो आहे. दोन अंदाजांत तिपटीचा फरक पडला की एकजण लुबाडतो आहे, असे घरमालकाला वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. दोघांनी दोन वेगवेगळ्या कामांचे दर दिलेले असतात आणि ती कामे वेगळी आहेत हे कागदावर कोठेच लिहिलेले नसते. म्हणून आपल्या घराचा हिशेब मी येथे पायरीपायरीने मांडतो. यातील दर हिशेबाची रीत दिसावी म्हणून धरलेले आहेत. तांब्याचा भाव बदलला की वायरच्या बंडलाचा भावही बदलतो, म्हणून काम ठरवण्याच्या आठवड्यात लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या मालाच्या बाजारात, जाऊन आजचे दर विचारून घ्यावेत. संख्या आणि लांबी मात्र भावावर अवलंबून नसतात, आणि अंदाजातील खऱ्या चुका तेथेच होतात.

वायरिंगचा खर्च चौरस फुटांवर काढणे हीच पहिली चूक आहे. ५२० चौरस फुटांच्या दोन घरांत एकाकडे वीस पॉइंट (दिवा, पंखा किंवा प्लगची प्रत्येक जागा) असतात, दुसऱ्याकडे पन्नास. म्हणून हातात कागद घेऊन खोलीखोलीत उभे राहून पॉइंट मोजावेत. पलंग कोठे, टीव्ही कोणत्या भिंतीवर, मिक्सर ओट्याच्या कोणत्या टोकाला, हे आधी ठरले पाहिजे. आपण कळवलेल्या गरजांवरून मी असे धरतो: दिव्यांचे १४ पॉइंट, पंख्यांचे एक्झॉस्ट धरून ५, घंटीचा १, आणि बोर्डावरचे साधे प्लग १४. हे ३४ साधे पॉइंट झाले. याशिवाय दोन एसी, गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज आणि ओट्यावरचे दोन मोठे सॉकेट असे ७ पॉवर पॉइंट लागतील. ही यादी घरातल्या प्रत्येकाला दाखवावी, कारण काम सुरू झाल्यावर ‘येथे एक प्लग हवा होता’ असे म्हटले की त्या एका प्लगची मजुरी दुप्पट पडते.

पॉइंटनंतर सर्किट, म्हणजे मुख्य बोर्डापासून निघणारी एकेक स्वतंत्र लाइन, ठरवावे लागते. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॉट, ही जुनी रीत अजूनही उपयोगाची आहे. दिवे, पंखे आणि घंटीचे मिळून २० पॉइंट दोन सर्किटांत बसतील, पण मी तीन करतो, म्हणजे एक एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला तरी सगळे घर अंधारात जात नाही. साध्या प्लगची दोन सर्किटे होतील. प्रत्येक एसीचे वेगळे, गीझरचे वेगळे, वॉशिंग मशीनचे वेगळे, फ्रिजचे एक आणि ओट्यावरच्या दोन सॉकेटचे एक. एकूण ११. बोर्डात प्रत्येक सर्किटाला एक घर (एमसीबीची जागा) लागते, आणि त्यांच्या डोक्यावर डबल पोल मेन (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच) आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) यांना प्रत्येकी दोन घरे लागतात. ही १५ घरे झाली, म्हणून एक मोकळे ठेवून १६ घरांचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड घ्यावा. आपल्याकडे आज दारावर जे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत, त्यांत कोणी कधी जाड तार भरली असेल तर तो फ्यूज फ्यूज राहिलेलाच नसतो. जुन्या घरांत मला अशी जाड तार नेहमीच सापडते.

आता भार पाहू. दीड टनाचे दोन एसी मिळून सुमारे ३.४ किलोवॉट, साठवणीचा गीझर २, पाणी तापवणारे वॉशिंग मशीन २, मायक्रोवेव्ह १.२, इस्त्री १, मिक्सर ०.७, फ्रिज ०.२ आणि दिवे-पंखे ०.४, अशी बेरीज जवळजवळ ११ किलोवॉट होते. अर्थात हे सगळे एका वेळी चालत नाही. मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी दोन्ही एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, फ्रिज आणि काही दिवे एकदम चालू असतील असे धरले तर ७ किलोवॉटच्या थोडे वर, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३१ अँपिअर होतात. म्हणून मेन ४० अँपिअरचा आणि मीटरपासून घरापर्यंतची वायर तांब्याची १० चौरस मिलिमीटरची धरतो.

हा मीटरपासून घरापर्यंतचा तुकडा, ज्याला आम्ही सबमेन म्हणतो, बहुतेक स्वस्त अंदाजांत नसतोच. गिरगावातल्या इमारतीत मीटर जिन्याखाली असतात आणि तेथून वर येणारी वायर कित्येकदा साठ-सत्तरच्या दशकातली ॲल्युमिनियमची असते, कारण त्या काळात तांब्याची टंचाई होती. ॲल्युमिनियमच्या जोडावर ऑक्साइडचा थर बसतो, जोड सैल होतो, तापतो आणि एके दिवशी जळतो. घरात कितीही उत्तम वायर घातली तरी ती जर या जुन्या तुकड्याला जोडली, तर एसीचा सगळा भार त्याच्यावरच येणार. वीजपुरवठा कंपनीची, म्हणजे आपल्या भागात बेस्टची, जबाबदारी मीटरपर्यंत असते. मीटरनंतरचे सर्व आपले. त्यातच आपला मंजूर भार जुन्या काळातला, दिवे-पंख्यांपुरता असणार. तो वाढवण्यासाठी अर्ज, परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल आणि वाढीव अनामत लागते. हे काम वायरिंगआधी सुरू करावे. वायरिंग दहा दिवसांत संपते आणि नवे एसी खोक्यात पडून राहतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

लांबीचा हिशेब पुढीलप्रमाणे. आपल्या घराचे छत साडेअकरा फूट उंच आहे असे आपण लिहिले आहे, आणि नव्या फ्लॅटची सवय असलेल्या वायरमनची गणिते नेमकी तेथेच चुकतात. स्विचबोर्डापासून वर चढून, भिंतीने फिरून दिव्यापर्यंत जायला सरासरी ९ मीटर धरावे लागतात. २० पॉइंटांचे १८० मीटर, फेज आणि न्यूट्रल मिळून ३६०. त्यात डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून खोल्यांपर्यंतची तीन सर्किटे, प्रत्येकी १२ मीटर, म्हणजे दुहेरी ७२. हे ४३२ मीटर, आणि दहा टक्के तूट धरून ४७५. बंडल ९० मीटरचे येते, म्हणून ‘दीडची’ (दीड चौरस मिलिमीटरची) वायर ६ बंडले. तिच्यासोबतची हिरवी अर्थ (जमिनीला जोडायची) वायर एकेरी २१६ मीटर, तूट धरून ३ बंडले. साधे प्लग, वॉशिंग मशीन, फ्रिज आणि ओटा यांना ‘अडीचची’ वायर दुहेरी १६० मीटर लागते, म्हणून २ बंडले, आणि तिची हिरवी १ बंडल. एसी आणि गीझरला ‘चारची’ वायर दुहेरी ६८ मीटर, म्हणून १ बंडल, आणि हिरवी ३८ मीटर सुटी. सबमेन १८ मीटर, फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून ५४ मीटर.

दीडच्या बंडलाला २,४००, अडीचच्या बंडलाला ३,९००, चारच्या बंडलाला ६,००० आणि दहाच्या वायरला मीटरमागे १७० रुपये, कर सोडून, असे धरले तर वायरचे सुमारे ५१,००० रुपये होतात. स्विच, सॉकेट, रेग्युलेटर आणि बोर्ड मध्यम दर्जाच्या मॉड्यूलर मालात २०,००० धरू. डिस्ट्रिब्युशन बोर्ड, ११ एमसीबी, मेन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मिळून ८,०००. केसिंग पट्टी (वायर झाकणारी), कंड्युट (वायर नेणारी नळी), बॉक्स आणि स्क्रू यांचे ९,०००.

मजुरी मी नेहमी दोन रीतींनी काढतो. पॉइंटच्या दराने ३४ साध्या पॉइंटांना प्रत्येकी ३५० आणि ७ पॉवर पॉइंटांना प्रत्येकी ६०० धरले, शिवाय बोर्ड जोडणी १,७०० आणि सबमेन मीटरमागे १२०, तर बेरीज २०,००० च्या जवळ येते. दिवसांच्या हिशेबाने, जुने उतरवण्यासकट, एक वायरमन आणि एक मदतनीस यांना दहा दिवस, दोघांचे मिळून रोज २,०००, म्हणजे तेच २०,०००. दोन्ही आकडे जवळ आले की अंदाज ठीक आहे असे समजावे. पॉइंटचा दर फार कमी आणि दिवस मात्र तेवढेच असतील, तर तो वायरमन कोठेतरी माल वाचवणार हे नक्की.

आतापर्यंत बेरीज १,०८,००० झाली. कंत्राटदाराची देखरेख आणि नफा १५ टक्के धरला तर १,२४,२००, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,४६,५००. त्यानंतर भिंतींची दुरुस्ती आणि रंग. जुन्या घरात यालाच सर्वांत जास्त धक्का बसतो.

आपल्या इमारतीच्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या असणार, आणि मजला सागवानी तुळयांवर असणार. अशा भिंतीत वायर दडवण्यासाठी खाच मारली, ज्याला कारागीर ‘झिरी’ म्हणतात, की खाच एक इंचाची आणि निघालेला गिलावा हातभर, असे होते. चुन्याचा जुना गिलावा विटेपासून सुटलेला असतो. तो फक्त स्वतःच्याच आधाराने उभा असतो. त्यावर सिमेंटचे ठिगळ लावले तर ते पावसाळ्यानंतर वेगळे दिसू लागते. भार घेणाऱ्या भिंतीत आडवी खाच तर मारूच नये. तुळयांच्या छतात वायर दडवायला स्लॅब नाहीच. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की अशा घरात वायरिंग बाहेरून, पीव्हीसीच्या पट्टीत किंवा कंड्युटमध्ये, कोपऱ्याकोपऱ्याने नीट ओळंब्यात करावे. ते दिसते, हे मान्य आहे. पण सरळ रेषेत केलेली पांढरी पट्टी दोन महिन्यांत डोळ्यांना दिसेनाशी होते आणि पुढे एखादी वायर बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही. वरचा हिशेब या पद्धतीचा आहे. संपूर्ण कन्सील्ड करायचे असेल तर मजुरी, गिलावा, डेब्रिजच्या गोणी आणि सगळ्या घराचा रंग मिळून अंदाज एकदम वेगळ्याच घरात जाऊन बसतो. बाहेरून करूनही जुन्या पट्ट्यांच्या खुंट्यांची भोके बुजवणे आणि भिंतींना रंगाचा एक हात देणे टळत नाही. त्याचे ३०,००० धरू. म्हणजे १,७६,५००. जुन्या घरात उघडल्यावर जे सापडते त्यासाठी १,४६,५०० वर दहा टक्के बाजूला ठेवले की आपण १ लाख ९१ हजारांवर येतो.

हे दहा टक्के कशासाठी, तर एक उदाहरण देतो. अशाच एका घरात लाकडी पट्टी उतरवली तेव्हा रबरी वेष्टणाची जुनी वायर हात लावताच कुरकुरीत होऊन गळू लागली, हे अपेक्षितच होते (पट्टीतून निघालेले ढेकूण मात्र घरच्यांना अपेक्षित नव्हते). पण मेन बंद करूनही माळ्यावरची एक वायर जिवंत लागली. शोध घेतला तेव्हा कळले की कधीकाळी दोन खोल्या वेगळ्या होत्या, त्यांतील एकीची जुनी जोडणी शेजारच्या मीटरवरून येत होती आणि उलट बाजूने जिन्यातला दिवा आमच्या ग्राहकाच्या मीटरवर जळत होता. तो गुंता सोडवायला दोन दिवस गेले आणि शेजाऱ्यांशी बोलणी करायला त्याहून जास्त. म्हणून काम सुरू होण्याआधी आपण स्वतः एक गोष्ट करावी: एका संध्याकाळी आपला मेन पाच मिनिटे बंद करून इमारतीत आणखी कोणाचे काय विझते ते पाहावे, आणि आपल्या घरात काही चालू राहते का तेही पाहावे. याला काही खर्च नाही.

आता ६५ हजारांकडे वळू. माझ्या १,०८,००० मधून हिरव्या वायरचे १३,६००, सबमेनचे मजुरीसह ११,३०० आणि आरसीसीबीचे २,५०० काढा. दिव्यांना दीडच्या जागी एकची वायर घाला, ४,००० वाचतात. एसीला चारच्या जागी अडीचची घाला, २,००० वाचतात. मॉड्यूलरऐवजी साधे स्विच लावा, ९,५०० वाचतात. शिल्लक राहतात सुमारे ६५,०००. स्वतः काम करणारा वायरमन नफा मजुरीतच धरतो आणि जीएसटीची पावती देत नाही. म्हणजे तो माणूस खोटे बोलत आहे असे नाही. ‘पूर्ण घराचे वायरिंग’ या शब्दांचा त्याचा अर्थ एवढाच आहे. यांपैकी साधे स्विच लावणे ही काटकसर मी मान्य करीन, कारण त्यात धोका नाही आणि पुढे केव्हाही बदलता येतात. दिव्यांना एकची वायर घातल्यानेही आकाश कोसळत नाही. अर्थिंग, आरसीसीबी आणि सबमेन या तीन बाबी मात्र गाळू नयेत, मग त्यासाठी घराचा रंग पुढच्या वर्षावर ढकलावा लागला तरी चालेल.

अर्थिंगबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तेथे फसगत सोपी आहे. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल आणि काळी अशा दोनच वायरी असतील आणि सॉकेट दोन पिनांचे असतील. घरात हिरवी वायर फिरवली, तीन पिनांचे सॉकेट लावले, पण ती हिरवी वायर खाली कशालाच जोडलेली नसेल तर सगळा देखावा ठरतो. मीटरजवळ अर्थ उपलब्ध आहे का, आणि तो मोजल्यावर खरा ठरतो का, हे आधी तपासून घ्यावे. नसल्यास जमिनीत नवा इलेक्ट्रोड पुरावा लागतो. गिरगावात अंगण क्वचितच असते. बहुधा मागची घरगल्ली (दोन इमारतींमधली अरुंद बोळ) हीच जागा मिळते, आणि त्यासाठी इमारतीच्या मालकाची संमती लागते. हा खर्च मी वरच्या हिशेबात धरलेला नाही, कारण तो सर्व भाडेकरूंनी मिळून करणे शहाणपणाचे आहे. आरसीसीबी गळतीच्या वेळी पुरवठा तोडतो आणि माणूस वाचवतो, पण तो आहे म्हणून अर्थ नको, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये.

अंदाजपत्रक लिहून घेताना ‘नामांकित कंपनीची वायर’ या शब्दांना काही किंमत नाही. कंपनी, जाडी, बंडलांची संख्या आणि एफआर (आग पसरू न देणारी) की एफआरएलएस (शिवाय कमी धूर करणारी) हे लिहिलेले हवे. लाकडी तुळयांच्या घरात मी एफआरएलएस किंवा हॅलोजनमुक्त वायरच घालतो. जळताना तिचा धूर कमी होतो, आणि अरुंद लाकडी जिना एकच असतो. बंडल सीलबंद आपल्यासमोर उघडावे आणि वायरवर आयएसआय चिन्ह, आणि पीव्हीसी वेष्टणाची वायर असल्यास आयएस ६९४ हा मानक क्रमांक, छापलेला पाहावा. काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या वेष्टणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासून आकडे कागदावर घ्यावेत. एक मेगओहमच्या खाली आलेले सर्किट स्वीकारू नये. उतरवलेली जुनी तांब्याची वायर कोणाची, हेही आधी ठरवावे. वायरमन ती आपली समजून गोणीत भरतो, आणि भंगारात तांब्याला चांगला भाव असतो.

घर रिकामे करण्याची गरज नाही. बाहेरून वायरिंग करताना जुने चालू ठेवून नवे शेजारी उभे करता येते आणि शेवटच्या दोन दिवसांत एकेक खोली नव्यावर घेता येते. दोन टप्प्यांतही काम होईल, पण टप्पे खोल्यांप्रमाणे पाडू नयेत. पहिल्या टप्प्यात भारवाढीचा अर्ज, सबमेन, अर्थिंग, १६ घरांचा बोर्ड आणि सातही पॉवर पॉइंट करून घ्यावेत; जुने दिवे-पंखे तात्पुरते त्याच बोर्डातल्या ६ अँपिअरच्या एमसीबींवर टाकावेत. ते जोडल्यावर आरसीसीबी पडू लागला तर जुन्या वायरिंगमध्ये गळती आहे असे समजावे. अशा वेळी काही वायरमन आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. त्या सर्किटपुरता दुसरा टप्पा लगेच सुरू करावा.